बटण कुणाला महाग पडतं?

२०२४ मध्ये ठाण्यात दोनदा मतदान झालं, २० मेला लोकसभेचं आणि २० नोव्हेंबरला विधानसभेचं. दोन्ही वेळा वागळे इस्टेटच्या चाळीतली आजी आणि घोडबंदर रोडच्या टॉवरमधला आयटीवाला एकाच प्रकारच्या यंत्रासमोर उभे राहिले. नावासमोरचं निळं बटण दाबायचं. लाल दिवा लागतो, लांबलचक बीप वाजतो, व्हीव्हीपॅटच्या काचेआड सात सेकंद चिठ्ठी दिसते. बटणांच्या कडेला ब्रेलमध्ये क्रमांक आहेत. मतमोजणीबद्दल ज्याच्या त्याच्या शंका असतील, तो वाद इथला नाही. मला एवढंच म्हणायचं आहे की बोट टेकवणाऱ्या माणसाचा विचार करून घडवलेली जी मोजकी सरकारी यंत्रं आपल्याकडे आहेत, त्यांत हे अव्वल आहे. त्याचं रूप घडवण्यात पवईच्या आयआयटीतल्या आयडीसी या डिझाइन शिकवणाऱ्या विभागाचे प्राध्यापक ए. जी. राव आणि रवी पूवय्या यांचा हात होता. हे बहुतेकांना ठाऊक नसतं. यंत्रावर चिडणाऱ्यांनाही नाही आणि यंत्राची बाजू घेणाऱ्यांनाही नाही.

मतदान केंद्राबाहेर पडलं की मात्र बटण दिसेनासं होतं. स्थानकावरचं तिकिटाचं यंत्र, बँकेतलं टोकन देणारं यंत्र, इस्पितळातला केसपेपरचा किऑस्क, राम मारुती रोडवरच्या दुकानातलं कार्डाचं यंत्र, खारघरच्या नव्या टॉवरमधली लिफ्ट, जिथे बघावं तिथे सपाट काच. नवी मुंबईत आणि ठाण्यात तर बरीच खरेदी अजून व्हायचीच आहे. बेलापूर-पेंधर मेट्रो नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झाली, नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं, घोडबंदर रोडवर मेट्रोचे खांब उभे आहेत. पुढच्या काही वर्षांत या पट्ट्यात असे पडदे बसतच राहतील आणि जवळजवळ प्रत्येकासाठी कुठेतरी निविदा निघेल. त्या निविदेत काय लिहिलं जावं याबद्दल मी बोलतो आहे.

माझं म्हणणं असं, की सार्वजनिक जागेतल्या यंत्रावर नुसती काच नसावी. काचेसोबत बोटाला कळतील अशी काही बटणं आणि कानाला ऐकू येईल असा आवाज असलाच पाहिजे, आणि ते यंत्र खऱ्या माणसांच्या हाती देऊन तपासल्याशिवाय पुरवठादाराचं पूर्ण बिल निघू नये. काच स्वस्त पडते ती विकत घेणाऱ्याला. बटण बसवायचं तर पत्र्याला भोक पाडावं लागतं, पाणी जाऊ नये म्हणून सील लावावं लागतं, झिजलं की बदलावं लागतं. हा सगळा खर्च फाइलमध्ये दिसतो. काचेचा खर्च फाइलमध्ये येत नाही. तो रांगेतल्या माणसाच्या सुटलेल्या लोकलमध्ये, चुकीच्या स्थानकाच्या तिकिटात, शेजारच्या अनोळखी माणसाला ‘जरा दाबून देता का’ म्हणण्यात जातो आणि त्याचं ऑडिट कुणी करत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: अहो, आता कोपरीतली भाजीवालीसुद्धा यूपीआय घेते, ऐंशीच्या आज्या नातवंडांशी व्हिडिओ कॉल करतात, काचेची भीती गेली. गेली, हे खरंच. पण तो फोन तिचा स्वतःचा असतो. अक्षर मोठं करून ठेवलेलं असतं, नातवाने नको ती चिन्हं काढून टाकलेली असतात, रोज त्याच जागी तेच हिरवं चिन्ह दाबून बोटाला सवय झालेली असते. चुकलं तर घरी बसून पुन्हा करता येतं. सार्वजनिक यंत्रापाशी यातलं काहीच नसतं. ते दर वेळी परकं. अक्षर दुसऱ्याने ठरवलेलं, उंची दुसऱ्याने ठरवलेली, आणि मागे आठ माणसं ‘चला, चला’ करत उभी. त्यातल्या एकाने उसासा टाकला की शिकलेल्या माणसाचंही बोट चुकतं.

या प्रश्नावर विचार झालेला नाही, असंही नाही. उलट, संगणकाच्या जगात इतका बारकाईने अभ्यासलेला विषय क्वचित सापडेल. बोटाने चालणारा पडदा आयफोनबरोबर आला असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ब्रिटनमधल्या रॉयल रडार एस्टॅब्लिशमेंटमध्ये काम करणाऱ्या ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ मध्ये त्यावरचा निबंध छापला होता. त्यांच्यापुढे हवाई वाहतूक नियंत्रकांचं काम होतं. १९७० च्या दशकात युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेत बेंट स्टुम्पे आणि फ्रँक बेक यांनी प्रचंड कणत्वरकाच्या नियंत्रण कक्षासाठी पारदर्शक स्पर्शपडदा तयार केला. हजारो बटणांच्या भिंती उभारण्यापेक्षा एका काचेवर हवी ती बटणं हवी तेव्हा उमटवावीत, ही कल्पना. कल्पना फारच चांगली होती आणि आजही आहे. फक्त ती कुणासाठी होती ते बघा. तो पडदा वापरणारा माणूस प्रशिक्षित, पगारी, खुर्चीवर बसलेला, आणि रोज तेच काम करणारा होता.

सर्वसामान्य माणसाचं बोट प्रयोगशाळेत आलं ते १९८० च्या दशकात. अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठात बेन श्नायडरमन यांनी १९८३ मध्ये माणूस आणि संगणक यांच्यातल्या व्यवहाराचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा काढली. १९८८ मध्ये तिथून पॉटर, वेल्डन आणि श्नायडरमन यांचा एक निबंध आला. प्रश्न अगदी साधा वाटतो: ‘दाबलं’ असं यंत्राने कधी समजायचं? बोट टेकलं त्या क्षणी? सरकत सरकत पहिल्या पर्यायाला लागलं तेव्हा? की बोट उचललं तेव्हा? त्यांनी तिन्ही रीती माणसांकडून करून घेतल्या. तिसऱ्या रीतीत बोटाच्या किंचित वर एक खूण दिसत राहते, ज्या पर्यायावर ती असेल तो उजळतो, माणूस बोट सरकवून दुरुस्ती करतो आणि मन ठरलं की उचलतो. या रीतीत चुका सर्वांत कमी झाल्या. सरकताना लागलेला पहिलाच पर्याय घेणारी दुसरी रीत जलद होती, पण तिच्यात चुका जास्त होत्या.

या निष्कर्षापाशी मला थोडं थांबावंसं वाटतं, कारण सार्वजनिक यंत्रांचं सगळं दुखणं त्यात आहे. आपण किती वेळात काम झालं हे मोजतो, किती वेळा चुकून परत यावं लागलं हे मोजत नाही. तुमच्या फोनवर बहुतेक बटणं बोट उचलल्यावर चालतात. चुकून दुसऱ्याच नावावर बोट पडलं तर तसंच सरकवून बाजूला नेता येतं, फोन लागत नाही. ही सवय आपल्याला इतकी मुरली आहे की तिच्यामागे कुणाची तरी प्रयोगशाळा आहे हे लक्षातही येत नाही. मग टेकताक्षणी ‘घेतलं’ म्हणणारा एखादा किऑस्क समोर आला की आपण स्वतःला बावळट समजतो. ऐरोली हवं असताना ऐरोलीच्या वरचं नाव दाबलं गेलं, की परत मागे जायचं बटण शोधायचं, आणि ते नेमकं दुसऱ्या कोपऱ्यात असतं.

दुसरी गोष्ट बोटाच्या जागेची. २०१० मध्ये क्रिस्तियान होल्त्स आणि पॅट्रिक बाउडिश या जर्मनीतल्या संशोधकांनी दाखवलं, की स्पर्श चुकतो तो बोट जाड असतं एवढ्याचमुळे नव्हे. बोट कोणत्या कोनात टेकलं आणि आपण नेमक्या कुठल्या बिंदूला स्पर्श करतो आहोत असं त्या माणसाला वाटतं, यावर यंत्राला कळणारी जागा सरकते. शिवाय माणसागणिक ती निराळी. आता हे यंत्र स्थानकावर उभं करा. सरासरी पुरुषाच्या उंचीला बसवलेला पडदा, वर मजबुतीसाठी जाड काच. बुटकी बाई खालून बघते, उंच माणूस वरून, व्हीलचेअरवरची व्यक्ती आणखी तिरकी. प्रत्येकाला बटण जिथे दिसतं तिथे यंत्राच्या दृष्टीने ते नसतं. बटण किती मोठं असावं याचाही अंदाज आहे: अंगठ्याने फोन वापरणाऱ्यांवर पारही, कार्लसन आणि बेडरसन यांनी २००६ मध्ये केलेल्या अभ्यासात एका ठोक्यासाठी ९.२ मिलिमीटरचं लक्ष्य पुरेसं ठरलं. तेही हातात धरलेल्या छोट्या उपकरणावर. उभ्याने, सामान सांभाळत, घाईत वापरायच्या पडद्यावर याच्याही वर जायला हवं. आमच्याकडे एकेका पडद्यावर सगळी स्थानकं कोंबलेली असतात.

आणि पाऊस. कपॅसिटिव्ह काचेत विद्युतवाहक जाळं असतं. बोट जवळ आलं की त्यातला भार किंचित बदलतो आणि त्यावरून जागा कळते. पाण्याचा थेंबही तेच करतो. जुलैत छत्री झटकत आलेल्या माणसाचं ओलं बोट, काचेवर ओघळलेलं पाणी, किंवा उलट, आयुष्यभर लेथवर काम करून घट्टे पडलेली कोरडी बोटं, या सगळ्यांत ती काच गोंधळते. चांगला कंट्रोलर आणि नीट केलेली जुळणी यातून पुष्कळ सुटका करते. पण ती जुळणी इथल्या पावसात आणि इथल्या हातांवर करायला हवी, निविदेत तसं लिहायला हवं.

स्थानकावरच्या एटीव्हीएमची, म्हणजे तिकिटाच्या स्वयंचलित यंत्राची गोष्ट मला या सगळ्यात सर्वांत बोलकी वाटते. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर ही यंत्रं आली ती खिडकीवरची रांग कमी करायला. पुढे त्या यंत्रांसमोर फॅसिलिटेटर नेमले गेले, त्यांत निवृत्त रेल्वे कर्मचारी बरेच. प्रवासी म्हणतो ‘दादर रिटर्न’, काका बोटं फिरवतात, तिकीट बाहेर. त्यांची बोटं इतकी सराईत की पडद्याकडे बघतात की नाही शंका यावी. माणूस कमी करायला यंत्र आणलं आणि यंत्र चालवायला माणूस आणला, म्हणून हसणं सोपं आहे. मला यात एक मोठा शोध दिसतो, तोही फुकटात लागलेला. लाखो प्रवाशांनी आपल्या पायांनी दिलेलं उत्तर असं की तोंडाने सांगणं सर्वांत सोपं, नेहमीचं तिकीट एका झटक्यात निघायला हवं, आणि पडद्यामागे जबाबदार माणूस असला की धीर येतो. पुढचं यंत्र बनवणाऱ्याने आठवडाभर या काकांशेजारी स्टूल टाकून बसावं. लोक काय मागतात, कितीदा मागतात, कुठे अडखळतात याची वही त्यांच्या डोक्यात तयार आहे. ती वही निविदा लिहिणाऱ्या सल्लागारांना कुणी दाखवली असेल असं वाटत नाही.

बटणांच्या बाजूनेही सगळं गोड नाही, हे मान्य करायला हवं. शेकडो स्थानकांसाठी शेकडो बटणं बसवता येत नाहीत. मराठी, हिंदी, इंग्रजी अशी भाषा बदलायची तर काचेइतकं सोयीचं काही नाही. अक्षर मोठं करणं, चित्र दाखवणं, दर बदलला की रातोरात सगळीकडे नवा आकडा उमटवणं, हे पत्र्यावरच्या छापील बटणाला जमणार नाही. सार्वजनिक जागेत बटणं उखडली जातात, त्यांच्या फटीत गुटखा जातो. हे सगळं खरं आहे. म्हणूनच मी काच काढून टाका म्हणत नाही. एटीएमकडे बघा ना. त्यात पडदा आहे, आणि पिनसाठी धातूची खरी बटणंही आहेत. त्यातल्या पाचवर उंचवटा असतो, त्यावरून बाकीचे आकडे न बघता सापडतात. २०१२ मध्ये अहमदाबादेत युनियन बँकेने बोलणारं एटीएम बसवलं: कानात हेडफोन घालायचा, यंत्र सांगत जातं, बोट बटणांवर चालत राहतं. पडदा, बटणं आणि आवाज तिन्ही एकत्र नांदतात हे तेव्हाच सिद्ध झालं. मग इस्पितळाच्या किऑस्कमध्ये ते जमत नाही, हे कसं?

दृष्टिहीन माणसासाठी तर हा प्रश्न सोयीचा उरतच नाही. फोनची काच अंधांना वापरता येते, कारण त्यावर बोट फिरवलं की फोन वाचून दाखवतो. केन, बिगम आणि वॉब्रॉक यांनी २००८ मध्ये ‘स्लाइड रूल’ नावाने अशी रीत मांडली आणि पुढच्याच वर्षी आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर आलं. काच बोलकी करता येते, फक्त कुणी तरी ती करायला हवी. दुकानातल्या काचेच्या कार्ड-यंत्रावर पिन कुठे आहे हे दृष्टिहीन ग्राहकाला कळत नाही, म्हणून तो पिन मोठ्याने दुकानदाराला सांगतो. ऑस्ट्रेलियात एका मोठ्या बँकेच्या अशाच यंत्राविरुद्ध २०१८ मध्ये दृष्टिहीन ग्राहक न्यायालयात गेले आणि पुढच्या वर्षी बँकेला तडजोड करावी लागली. आपल्याकडे कायदा काही कमी नाही. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, माहिती-तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेसाठी आयएस १७८०२ हे भारतीय मानक आहे. राजीव रतुरी खटल्यात नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे नियम ऐच्छिक ठेवून चालणार नाही असं बजावलं. एप्रिल २०२५ च्या प्रज्ञा प्रसून निकालात डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. पण निकाल दिल्लीत लागतो आणि किऑस्क वाशीत बसतो. मध्ये खरेदी विभाग असतो.

कुणाला वाटेल की हा म्हाताऱ्यांचा आणि दिव्यांगांचा प्रश्न आहे, धडधाकट माणसाला काय त्रास. अमेरिकी नौदलाला विचारा. ऑगस्ट २०१७ मध्ये सिंगापूरजवळ ‘जॉन एस. मकेन’ ही विनाशिका एका तेलवाहू जहाजावर आदळली आणि दहा नौसैनिक गेले. सुकाणू आणि वेगाची नियंत्रणं टचस्क्रीनवर होती. कोणतं नियंत्रण कुठल्या पडद्यावरून चालू आहे यात गोंधळ झाला. चौकशीनंतर २०१९ मध्ये नौदलाने हाताने ढकलायचे थ्रॉटल परत बसवायचं ठरवलं. गाड्यांच्या जगातही वारं फिरलं आहे: युरोपातली सुरक्षा-चाचणी संस्था युरो एनकॅप २०२६ पासून इंडिकेटर, हॉर्न, वायपर यांसारख्या गोष्टींना खरी बटणं आहेत का हे गुणांकनात बघते.

आता राहिला आपला माल. इथे कुणाला येत नाही म्हणून बाहेरून आणायचं, अशीही स्थिती नाही. मराठी टाइप करायला अनेकजण ‘स्वरचक्र’ वापरतात किंवा कधी काळी वापरायचे. आयआयटी मुंबईत अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते तयार केलं, २०१३ मध्ये ते बाहेर आलं. ‘क’वर बोट ठेवलं की भोवती चक्र उमटतं, त्यात का, कि, की, कु, बोट त्या दिशेला सरकवून उचललं की अक्षर पडतं. इंग्रजी कळफलकाला मराठीचा मुलामा देण्याऐवजी बाराखडी जशी आपल्या डोक्यात बसलेली असते तशीच ती काचेवर मांडली. गोल मेनू यादीपेक्षा बरा पडतो का, याचा एक प्रयोग श्नायडरमन यांच्या गटाने १९८८ मध्येच केला होता. तिकडचा धागा इथे येऊन देवनागरीला लागला. काचेवर उत्तम काम होऊ शकतं याचा याहून जवळचा पुरावा नको. फरक इतकाच, की स्वरचक्र करणाऱ्यांनी ते माणसांच्या हाती देऊन वारंवार तपासलं, आणि किऑस्क पुरवणाऱ्याकडे तसं कुणी मागितलेलं नसतं.

तेव्हा मागावं. ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही महापालिकांनी आपल्या प्रत्येक किऑस्कच्या निविदेत एक पान वाढवावं. पडद्याखाली पुढे, मागे, ठीक, रद्द अशी चार-पाच उंच बटणं आणि हेडफोनची खाच. निवड बोट उचलल्यावर. व्हीलचेअरवरून पोचेल अशी उंची. आणि बसवण्याआधी चाचणी, तीही सल्लागाराच्या एसी केबिनमध्ये नको. यंत्रं वापरायला किती सोपी आहेत याचा अभ्यास करणारे याकोब निल्सन यांनी दाखवून दिलं आहे की पाच माणसांना वापरायला दिलं तरी बहुतेक मोठे दोष उघडे पडतात. एक ज्येष्ठ नागरिक, एक दृष्टिहीन, एक कमी शिकलेली व्यक्ती, एक ओल्या हातांची, एक कडेवर मूल घेतलेली आई. या पाचांचं काम कुणाच्या मदतीशिवाय झालं नाही तर शेवटचा हप्ता थांबवायचा. आणि यंत्र बसलं म्हणून शेजारची खिडकी बंद करायची नाही. निदान वर्षभर दोन्ही चालू ठेवून लोक कुठे वळतात ते बघायचं. यात कोट्यवधींचा खर्च नाही. खर्च आहे तो फीत कापायची तारीख पुढे ढकलण्याचा, आणि तो मात्र कुणाला परवडत नाही.

टॉवरमधल्या सोसायट्यांना तर महापालिकेची वाट बघायचंही कारण नाही. लिफ्टच्या गुळगुळीत पॅनेलवर मजल्याचा आकडा चाचपडता येत नाही, पाठ टेकली तरी तीन मजले उजळतात, आणि मोतीबिंदू झालेले काका कुणी तरी येण्याची वाट बघत लॉबीत उभे राहतात. उंच आकड्यांची, ब्रेल असलेली, दाबल्यावर आत जाणारी बटणं लिफ्ट कंपन्यांकडे मिळतात. पॅनेल बदलायची वेळ येईल तेव्हा ती मागून घ्यायची. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावीच लागते. हा विषय अजेंड्यावर पार्किंगच्या आधी ठेवा. पार्किंगनंतर ठराव मांडायला कुणी जागेवर उरत नाही.